वळवाच्या दिवसांत गाडीने तंबूमुक्कामाला जाताना: आभाळ भरून आल्यावर काय करावे

होळी होऊन गेली की भंडारदरा, पवना, मुळशी या जलाशयांच्या काठी तंबू दिसू लागतात आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्या की शनिवार-रविवारी तिथे गाडी लावायलाही जागा उरत नाही. थंडी ओसरलेली, मोसमी पाऊस अजून लांब आणि झाडांना नवी पालवी, असा हा काळ सहलीला सोयीचा खराच. परंतु मार्च ते मे हे वळवाचे, गारपिटीचे आणि विजांचेही महिने आहेत. पावसाळ्यात माणूस पावसाची तयारी करूनच घराबाहेर पडतो. चैत्र-वैशाखात मात्र निरभ्र सकाळ पाहून तो रेनकोट घरी ठेवतो आणि संध्याकाळी पाच वाजता उघड्या माळावर दोन काड्यांच्या कापडी तंबूत अडकतो.

या लेखात भंडारदऱ्याचा परिसर उदाहरणादाखल घेतला आहे, कारण मुंबई, पुणे आणि नाशिक या तिन्ही शहरांतून लोक गाडीने तिथे जातात, आणि जलाशय, घाटरस्ता, डोंगरमाथा, घळ आणि गाळाची जमीन हे सगळे धोके तिथे एकाच मुक्कामात भेटतात. सांगितलेला क्रम सह्याद्रीत इतरत्रही तसाच लागू पडेल.

वळवाचे वेळापत्रक आधी समजून घ्यावे

एप्रिल-मे महिन्यांत सूर्योदयापासून जमीन तापत जाते, समुद्राकडून आलेली दमट हवा त्या उष्णतेने वर उचलली जाते आणि सह्याद्रीची भिंत तिला आणखी वर ढकलते. दुपारी बारा-एकच्या सुमारास डोंगरांच्या माथ्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे, ठसठशीत कडांचे ढग दिसू लागतात. ते तेवढ्यावरच राहिले तर काळजी नसते. मात्र त्यांची उंची डोळ्यांदेखत वाढू लागली, तळ काळवंडला आणि माथा सपाट होऊन एका बाजूला पसरू लागला, तर तो गडगडाटी ढग झाला असे समजावे. हा सगळा प्रवास कधीकधी तासाभरातच होतो. वादळे बहुधा दुपारी तीननंतर आणि रात्री आठ-नऊच्या आत होतात. एकटा ढग साधारण तासाभरात रिता होतो, ढगांची रांग असेल तर दोन-तीन तास जातात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, हे वादळ अल्पजीवी असल्यामुळे त्याच्याशी झुंजत बसण्यात काही अर्थ नाही. त्याच्या वाटेतून तेवढा वेळ बाजूला झाले की काम भागते. दुसरी, बाजूला होण्याचा निर्णय आभाळ स्वच्छ असतानाच, म्हणजे दुपारी, घ्यावा लागतो. पहिला गडगडाट ऐकू आल्यावर चर्चा सुरू करणाऱ्यांचे तंबू उडतात, असा एकंदर अनुभव आहे.

आणखी एक सूचना. मोसमी पाऊस पश्चिमेकडून येतो म्हणून वळीवही त्याच दिशेने येईल असे धरून चालू नये. तो पठारावर, म्हणजे पूर्वेकडेही, तयार होतो आणि वरच्या थरातील वारा नेईल तिकडे सरकतो. तंबू डोंगराच्या कुशीत असेल तर पाठीमागचे आभाळ दिसतच नाही; दुपारी कोणीतरी उघड्यावर जाऊन चारही दिशा पाहून यावे.

निघण्याआधी: अंदाज कसा वाचावा

भारतीय हवामान विभागाचे जिल्हावार इशारे चार रंगांत असतात. हिरव्याचा अर्थ इशारा नाही, पिवळ्याचा लक्ष ठेवा, नारिंगीचा तयारीत राहा आणि लालचा तातडीने कृती करा. तंबूत राहणाऱ्या माणसाने मात्र हे रंग एक पायरी वर चढवून वाचावेत. पक्क्या घरात बसलेल्या माणसासाठी "मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि ताशी 30 ते 40 किलोमीटर वेगाने वारे" हा पिवळा इशारा किरकोळ असतो. कापडाखाली झोपणाऱ्यासाठी तो नारिंगीच आहे. नारिंगी इशारा असेल तर तंबू न्यायचाच नाही, खोली घ्यायची किंवा तारीख बदलायची.

जिल्हावार इशाऱ्याची एक मर्यादा आहे. भंडारदरा अकोले तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या अगदी पश्चिम टोकाला आहे, आणि हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, सुमारे 17,000 चौरस किलोमीटरचा आहे. जिल्ह्याला दिलेला इशारा जामखेडसाठी खरा ठरला आणि भंडारदऱ्याला थेंबही पडला नाही, किंवा याच्या नेमके उलट झाले, तरी त्यात नवल नाही. म्हणून शेजारच्या नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांचे इशारेही पाहावेत. इगतपुरी आणि शहापूर हे तालुके भंडारदऱ्याला खुद्द अहिल्यानगर शहरापेक्षा जवळचे आहेत.

मोबाइलमध्ये तीन गोष्टी असाव्यात. हवामान विभागाच्या "मौसम" अॅपवर पुढील तीन तासांपर्यंतचे तात्कालिक इशारे मिळतात. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे "दामिनी" अॅप आपल्या आसपास 20 ते 40 किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या "सचेत" अॅपवर सर्व प्रकारचे इशारे एकत्र दिसतात. याखेरीज विभागाच्या संकेतस्थळावर रडारची चित्रे असतात आणि भंडारदरा मुंबईच्या रडारच्या टप्प्यात येतो. एकामागोमाग दोन चित्रे पाहिली की ढग कोणत्या दिशेने सरकत आहेत ते कळते. पण हे सारे नेटवर्क असेल तरच उपयोगाचे, आणि रतनवाडी-साम्रदच्या बाजूला ते हमखास मिळेल असे गृहीत धरता येत नाही. शेवटचा अंदाज घोटी, राजूर किंवा शेंडी यांपैकी वाटेत लागणाऱ्या गावात थांबून पाहावा, नकाशाही तिथेच उतरवून ठेवावा, आणि घरच्या एका माणसाला सांगून ठेवावे की नारिंगी किंवा लाल इशारा आला तर साधा संदेश पाठव. इंटरनेट नसतानाही संदेश कधीकधी पोहोचतो.

मेच्या अखेरीस काजवे पाहायला जाणाऱ्यांनी तर वळवाबरोबर मोसमी पावसाचाही विचार करावा. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे, परंतु 2025 मध्ये तो 26 मे रोजीच दाखल झाला. त्या आठवड्यात "अजून तर मे महिना आहे" या भरवशावर आखलेल्या सहली धो धो पावसात सापडल्या.

आरक्षण करताना विचारायचे प्रश्न

स्वतःचा तंबू नेणाऱ्यांपेक्षा तयार तळावर पैसे भरून राहणारेच अधिक असतात. अशा तळांवरचे तंबू पुष्कळदा एकेरी कापडाचे, सावलीपुरते असतात. त्यांच्या शिवणींतून पहिल्या पंधरा मिनिटांत पाणी झिरपते. म्हणून फोनवर जेवणाची यादी आणि शेकोटीची वेळ विचारण्याआधी हे विचारावे: वीज कडाडू लागली तर सगळ्यांना मावेल असे पक्के बांधकाम किती अंतरावर आहे? गाडी तंबूपासून किती लांब लावावी लागते? तळापर्यंतचा रस्ता मुरमाचा आहे की मातीचा? पाऊस आला तर पैसे परत मिळतात का? पहिल्या प्रश्नाला "काही होत नाही हो, इकडे पाऊस नसतो" असे उत्तर मिळाले तर दुसरा तळ शोधावा.

भंडारदऱ्याचा बराच परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, वनखात्याचे नियम पाळावे लागतात आणि प्रवेशशुल्क भरावे लागते.

जागा: गाळपेरीच्या मोहात पडू नये

उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरते आणि काठाची जमीन उघडी पडते. शेतकरी तिला गाळपेर म्हणतात. सपाट, मऊ, पाण्याला लागून, गाडी थेट आत नेता येईल अशी ही जागा पाहताक्षणी आवडते. ती सर्वांत वाईट जागा आहे. वरचा थर वाळून कडक झालेला असतो, त्याला भेगाही पडलेल्या असतात, त्यामुळे गाडी आत जाताना काहीच जाणवत नाही. पण वीस-पंचवीस मिनिटांची एक जोरदार सर आली की तोच थर लोण्यागत होतो, चाक फिरते ते जागच्या जागी, आणि गाडी तळ टेकेपर्यंत खाली जाते. शिवाय पाण्याच्या पसाऱ्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही नसते, आणि वीज पडण्याच्या दृष्टीने उघड्या काठावर उभा माणूस हाच आसपासचा सर्वांत उंच उंचवटा असतो.

जागा ठरवताना बुटाची टाच जमिनीत दाबून त्या खळग्यात अर्धी वाटी पाणी ओतावे. मुरमाड जमिनीत ते लगेच जिरते. काळ्या मातीत किंवा गाळात त्याचा चिकट चिखल होतो आणि बोटाला तार धरतो. मुरमाड, किंचित उताराची, काठापासून वर असलेली आणि झुडपांच्या किंवा बांधाच्या आडोशाची जागा निवडावी. एकट्या झाडाखाली, वाळलेल्या फांद्यांखाली, विजेच्या तारांखाली आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू लावू नये. ओढ्याच्या बाबतीत फसगत अशी होते, की आपल्या डोक्यावर पाऊस नसताना वरच्या डोंगरात पडलेले पाणी अचानक खाली येते. साम्रदजवळच्या सांदण दरीसारख्या अरुंद घळीला हे दुप्पट लागू आहे: रतनगडाच्या बाजूला आभाळ काळे दिसले, की घळीत उतरायचे नाही, आत असाल तर लगेच बाहेर पडायचे.

गाडी मात्र पक्क्या रस्त्याच्या कडेला, तोंड बाहेरच्या दिशेला करून, इतरांची वाट न अडवता लावावी. सामान शंभर पावले वाहून नेण्याचा कंटाळा करू नये.

तंबू उभारताना

आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन कापडांचा तंबू असावा आणि बाहेरच्या कापडाची जलरोधकता निदान 2,000 मिलिमीटर असावी. हा आकडा पिशवीवर छापलेला असतो. तळाखाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी थोडी लहान ठेवावी किंवा आत दुमडावी. ती बाहेर डोकावत राहिली तर वरून ओघळलेले पाणी तिच्यावर साचते आणि सरळ तंबूखाली जाते. लोक नेमकी मोठी ताडपत्री आणतात आणि ऐसपैस पसरतात.

तणावे, म्हणजे बाहेरून ताणायच्या दोऱ्या, आभाळ निरभ्र असले तरी पहिल्याच दिवशी सगळे बांधावेत. बहुतेक घुमटाकार तंबू त्यांच्याशिवाय उभे राहतात, म्हणून दोऱ्या पिशवीतच राहतात. वाऱ्यात तंबू वाचतो तो मात्र या दोऱ्यांवर. खुंट्या तंबूच्या विरुद्ध बाजूला झुकवून ठोकाव्यात. जांभ्याच्या सड्यावर खुंटी शिरत नाही, तिथे मोठ्या दगडांना दोऱ्या गुंडाळाव्यात. ओल्या काळ्या मातीत खुंटी हाताने उपटून निघते, तिथे खुंटीच्या डोक्यावर जड दगड ठेवावा. दार वाऱ्याच्या उलट बाजूला असावे.

कोरडे कपडे, टॉर्च, औषधे आणि पॉवर बँक हे सामान तंबूत न ठेवता प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून गाडीत ठेवावे. गाडीची किल्ली नेहमी एकाच ठरलेल्या माणसाच्या खिशात असावी. इंधनाची टाकी घोटी, अकोले किंवा संगमनेर येथे भरून घ्यावी.

दुपारी दोनचा निर्णय

मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी दुपारी दोन वाजता एकाने, ज्याच्या शब्दावर बाकीचे वाद घालणार नाहीत अशा माणसाने, आभाळ पाहून पुढच्या सहा तासांचे ठरवावे. डोंगरमाथ्यावरच्या ढगांची उंची वाढते आहे का, हवा अचानक कोंदट होऊन वारा पडला आहे का, तात्कालिक इशाऱ्यात आपला किंवा शेजारचा तालुका आहे का, एवढे पाहणे पुरेसे असते. यांपैकी दोन उत्तरे होकारार्थी आली तर पुढील गोष्टी लगेच कराव्यात. पाण्यात पोहणारे आणि नावेत बसलेले बाहेर काढावेत. स्वयंपाक लवकर उरकावा. तंबूतील सुटे सामान गाडीत भरावे, वरची चांदणी किंवा सावलीचे कापड उतरवून गुंडाळावे, कारण वाऱ्यात तेच सर्वांत आधी फाटते आणि शेजारच्या तंबूवर जाऊन पडते. मुक्काम हलवायचा असेल तर तो याच वेळी, उजेडात हलवावा.

कळसूबाईला जाणाऱ्यांनी पहाटे निघून दुपारच्या आत खाली यावे. 1,646 मीटर उंचीचे हे राज्यातील सर्वोच्च शिखर आहे आणि वाटेत लोखंडी शिड्या व कठडे आहेत. विजांच्या वेळी त्या शिडीवर असण्याइतकी वाईट अवस्था या सबंध परिसरात दुसरी नाही.

पाऊस येण्याआधी पाच-दहा मिनिटे एकदम गार वारा सुटतो आणि मातीचा वास येतो. सगळ्यांना हायसे वाटते, मुले हात पसरून धावतात. प्रत्यक्षात ती ढगातून खाली कोसळलेली थंड हवा असते, तंबू मोडणारा सर्वांत जोरदार झोत पुष्कळदा तोच असतो, आणि गाडीत शिरण्याची तीच शेवटची सवड असते.

वीज

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत आणि तीनने भागावे. साधारण तेवढे किलोमीटर अंतर असते. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्यापाशीही पडू शकते. तत्क्षणी आसरा घ्यावा आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पाऊस थांबला, ऊन पडले, तरी अर्धा तास पूर्ण करावा.

आसरा म्हणजे दोनच गोष्टी: पक्के बंदिस्त घर किंवा धातूच्या छताची बंद गाडी. गाडी सुरक्षित असते ती रबरी टायरांमुळे नव्हे, तर वीज धातूच्या सांगाड्यावरून बाहेरच्या बाहेर जमिनीत उतरते म्हणून. काचा पूर्ण वर करून, हात मांडीवर घेऊन बसावे. दाराच्या कडा, चार्जरची वायर आणि स्टीअरिंग यांना हात लावू नये. मोटारसायकल, कापडी छताची जीप आणि तंबू हे आसरे नव्हेत. तंबूच्या धातूच्या काड्यांनी उलट धोका वाढतो. दुचाकीवरून आलेल्यांनी दोनच्या निर्णयाबरोबरच गाव गाठावे. गावात पोहोचल्यावर घराच्या आत जावे, पडवीत किंवा उघड्या सभामंडपात उभे राहू नये.

झाडाखालचा आणि पत्र्याखालचा आसरा दुहेरी धोक्याचा असतो. एप्रिल 2023 मध्ये अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी पावसात मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर मोठे कडुनिंबाचे झाड कोसळले आणि शेडखाली थांबलेल्यांपैकी सात जणांचा मृत्यू झाला.

गाडी आणि घर दोन्ही दूर असतील तर उंचवटा, पाणी, कुंपणाची तार आणि एकटे झाड यांच्यापासून लांब, सखल जागी, पाय एकमेकांना जुळवून उकिडवे बसावे, आडवे झोपू नये, आणि एकमेकांत काही पावलांचे अंतर ठेवावे. हा उपाय नाइलाजाचा आहे, त्यावर विसंबून डोंगर चढू नये. कोणावर वीज पडलीच तर त्याच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नये. श्वास बंद असेल तर ताबडतोब छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी आणि दुसऱ्याने 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.

गारा

फेब्रुवारी 2014 च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात झालेली गारपीट अनेकांच्या स्मरणात असेल. उभी पिके आणि फळबागा झोपल्या होत्या. गारांचा पहिला टणत्कार ऐकू येताच सर्वांनी गाडीत जावे. गाडीची पुढची काच दोन थरांमध्ये पातळ पडदा घालून केलेली असते, ती तडकते पण विखुरत नाही. बाजूच्या आणि मागच्या काचांचे मात्र तुकडे होतात. म्हणून शक्य असल्यास गाडीचे तोंड गारांच्या दिशेला ठेवावे, आतल्यांनी काचांकडे पाठ करावी आणि डोक्यावर पांघरूण घ्यावे. चालत्या गाडीने वेग कमी करून रस्त्याच्या कडेला थांबावे. छप्पर शोधण्यासाठी सुसाट जाऊ नये. होर्डिंगच्या छायेतले छप्पर तर टाळावेच. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात प्रचंड जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि 17 जणांचा बळी गेला.

रात्र कुठे काढावी

वादळ सरल्यावर खरी कसोटी लागते. अंथरुणे भिजलेली, तापमान तासाभरात आठ-दहा अंशांनी उतरलेले आणि मुले कुडकुडत असतात. अशा वेळी दोन चुका होतात: एक, रात्रीच घाट उतरून घरी निघणे; दोन, ओल्या तंबूत शेगडी पेटवणे. दुसरी चूक जीवघेणी आहे. कोळशाची शेगडी असो वा गॅसची, बंद तंबूत तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. गाडीत झोपायचे असेल तर इंजिन बंद ठेवावे आणि वीज थांबल्यावर दोन बाजूंच्या काचा बोटभर खाली घ्याव्यात.

आधी सर्वांचे ओले कपडे बदलावेत, मग गरम चहा, मग निवारा, असा क्रम ठेवावा. तंबू आतून कोरडा असेल तर तणावे पुन्हा ताणून तिथेच राहता येते, कारण ओल्या झालेल्या दोऱ्या सैल पडतात. तंबू भिजला असेल तर गाव गाठावे. सह्याद्रीतील गावांत पाहुण्याला रात्री परत पाठवत नाहीत, पण विचारण्याची रीत असते. पहिल्या घरापाशी हॉर्न न वाजवता उतरून जावे, "मावशी, आमचा तंबू भिजला, बरोबर लेकरं आहेत, रात्रीपुरती जागा मिळेल का? शाळेची किल्ली कोणाकडे असते?" असे सरळ विचारावे. शाळा, समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीची खोली उघडायची तर सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्या कानावर घालावे लागते, आणि तसे ते घालावेच. पिठलं-भाकरी मिळाली तर तिचे पैसे, नको नको म्हटले तरी, सकाळी निघताना द्यावेत.

पावसानंतर विंचू आणि साप बिळांतून बाहेर येतात. बूट झटकल्याशिवाय पायात घालू नयेत आणि लाकडे-दगड अंधारात हाताने उचलू नयेत. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केल्यापासून मृत्यूचे प्रमाण पुष्कळ घटले, परंतु त्यासाठी रुग्ण वेळेत दवाखान्यात पोहोचावा लागतो. गावठी उपायांत तास घालवू नये.

रस्त्यावर

नियम साधा ठेवावा: वादळ चालू असताना आणि अंधार पडल्यावर घाटात उतरायचे नाही. कोरड्या रस्त्यावर महिनोन्‌महिने साचलेले तेल आणि धूळ पहिल्या पावसात एकत्र होऊन निसरडा थर तयार होतो, त्यामुळे वळवाच्या पहिल्या अर्ध्या तासात गाड्या जितक्या घसरतात तितक्या भर श्रावणातही घसरत नाहीत. सकाळी निघताना वेग निम्मा ठेवावा, उतारावर खालचा गिअर घालावा, चढणीवर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, त्यामुळे मागच्याला वळण्याचा इशारा कळत नाही. धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवावेत.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे. फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगू लागते, आणि गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली हे दिसत नाही. गावातला ट्रॅक्टर पलीकडे गेला म्हणून आपली हॅचबॅक जाईल असे नाही. वळवाचे पाणी तास-दोन तासांत उतरते. तेवढा वेळ गाडीत बसावे. पाणी शिरून इंजिन बंद पडले तर पुन्हा चावी फिरवू नये. आत गेलेले पाणी दाबले जाऊन इंजिन कायमचे मोडते आणि सर्वसमावेशक विम्यातही हे नुकसान, इंजिनसंरक्षणाची जोड घेतलेली नसेल तर, बहुधा भरून मिळत नाही.

विजेची तार रस्त्यावर पडली असेल तर ती मेलेली आहे असे समजू नये. लांब थांबून 1912 वर महावितरणला कळवावे. तार गाडीवरच पडली तर आतच बसून राहावे. इतर अडचणींसाठी 112, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077 आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 हे क्रमांक आहेत. कसारा घाटातून परतणाऱ्यांना शेवटचा उपयोगी पडेल.

गाडी रुतलीच तर

चाक जागच्या जागी फिरू लागताच अॅक्सिलरेटर सोडावा. प्रत्येक फेऱ्यागणिक खड्डा खोल होतो. सगळ्यांना उतरवावे, चाकांपुढचा चिखल हाताने काढावा, टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास आणावी, आणि चाकांखाली दगडगोटे, वाळक्या फांद्या किंवा पायपुसणी सारून दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश निघण्याचा प्रयत्न करावा. दोन प्रयत्नांत जमले नाही तर ट्रॅक्टर बोलवावा आणि भाडे आधी ठरवावे. दोर बंपरला न बांधता गाडीबरोबर मिळालेल्या ओढण्याच्या हुकाला बांधावा. तो जॅकच्या पिशवीत असतो आणि बंपरवरचे लहान झाकण काढून पिळून बसवावा लागतो. दोर ताणलेला असताना त्याच्या जवळपास कोणी उभे राहू नये. पक्क्या रस्त्यावर आल्यावर हवा भरेपर्यंत हळू चालवावे.

घरी आल्यावर

गाडीला पोचे किंवा काचेला तडे गेले असतील तर दुरुस्तीआधी छायाचित्रे काढावीत, त्यांत जागा आणि वेळ दिसू द्यावी, आणि विमा कंपनीला लवकर कळवावे. उशीर झाला की दाव्यात खुसपटे निघतात. चाकांच्या आतल्या बाजूला चिकटलेला गाळ धुऊन काढावा, नाहीतर वेगात गाडी थरथरते आणि लोक विनाकारण अलाइनमेंट करून घेतात.

तंबू ओला गुंडाळून माळ्यावर टाकला तर दोन दिवसांत बुरशी धरते आणि आतला जलरोधक थर चिकट होऊन सुटू लागतो. तो त्याच दिवशी गच्चीत किंवा गॅलरीत, कडक उन्हात नव्हे तर सावलीत, आतबाहेर पूर्ण वाळवावा. चिखल साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसावा, साबणाची पूड वापरू नये. खुंट्या धुऊन पुसाव्यात, वाकलेल्या सरळ कराव्यात, आणि शिवणींवरची पट्टी कुठे निघाली असेल तर तिथे शिवण बंद करण्याचा लेप लावून एक रात्र सुकू द्यावा.